वडिलांना पोरगा पाद्री व्हायला हवा होता, तो पडद्यांच्या मागे लागला आणि त्यातून डायलिसिस जन्माला आलं

नात्यातलं, गल्लीतलं कुणी ना कुणी डायलिसिसवर असतंच. आठवड्यातून दोन-तीनदा हॉस्पिटलला जायचं, चार तास मशीनला जोडून पडायचं आणि थकून घरी यायचं. मशीन केवढं मोठं दिसतं. पण रक्त साफ करायचं खरं काम त्यातली एकच गोष्ट करते, ती म्हणजे पातळ पडदा. रक्तातली घाण त्यातून पलीकडं जाते. रक्तपेशी आणि प्रथिनं मात्र अलीकडंच राहतात.

आता दुसरं टोक बघा. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या वीस इन्स्टिट्यूटमध्ये 2010 साली बोटाएवढ्या पारदर्शक चिपवर माणसाच्या फुप्फुसाची नक्कल तयार झाली. डोंगउन हू आणि डोनाल्ड इंगबर ही त्यातली मोठी नावं. या प्रकाराला ऑर्गन-ऑन-चिप म्हणतात. चिपमध्ये केसासारख्या बारीक नळ्या असतात, त्यात माणसाच्या जिवंत पेशी वाढवतात आणि औषध माणसाला द्यायच्या आधी त्यावर तपासतात. या चिपचा जीव कशात असतो? तर तो पण एका पातळ पडद्यातच.

डायलिसिसचं मशीन असो नाहीतर चिपवरचं फुप्फुस, दोन्हींचा माग काढत गेलं की एकाच माणसापाशी येऊन थांबतो. त्याचं नाव थॉमस ग्रॅहम.

नाव ओळखीचं वाटलं असेल. केमिस्ट्रीच्या पुस्तकात ग्रॅहमचा नियम असतो. हलका वायू लवकर पसरतो, जड वायू सावकाश पसरतो, आणि सूत्रात ते वर्गमूळ. परीक्षेपुरतं पाठ करून आपण ते विसरून जातो. पण हा नियम म्हणजे या माणसाच्या आयुष्याची फक्त सुरुवात होती. विशेष म्हणजे म्हातारपणी त्यानंच असा प्रयोग केला, जिथं त्याचा स्वतःचा नियम चालेना.

तर गोष्ट सुरू होते स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात. डिसेंबर 1805 मध्ये थॉमसचा जन्म झाला. वडील जेम्स ग्रॅहम कापडाच्या धंद्यात होते आणि धंदा जोरात होता. पोरगं हुशार. वयाच्या चौदाव्या वर्षी ते ग्लासगो विद्यापीठात दाखलही झालं. त्या काळच्या प्रतिष्ठित घरासारखंच वडिलांचं ठरलेलं होतं की पोरानं चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये पाद्री व्हायचं. मान आहे, कायमची नोकरी आहे, समाजात नाव आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर घरच्यांनी सरकारी नोकरी डोक्यात पक्की केली होती.

पण विद्यापीठात त्याची गाठ पडली थॉमस थॉमसन या केमिस्ट्रीच्या प्रोफेसरशी. डाल्टनचा अणुसिद्धांत छापील पुस्तकातून लोकांपुढं पहिल्यांदा मांडणारा हाच माणूस. त्याच्या वर्गात बसला आणि थॉमस ग्रॅहमचं धर्मशास्त्रातलं लक्ष उडालं. पाद्री व्हायचं नाही, केमिस्ट्री करायची हे त्यानं घरी सांगून टाकलं.

वडील भडकले. त्यांनी पैसे बंद केले.

थॉमस एडिनबराला गेला. तिथं शिकायचं आणि पोटापाण्यासाठी शिकवण्या घ्यायच्या, लेखन करायचं असा उद्योग सुरू झाला. या काळात त्याच्या पाठीशी उभी राहिली ती आई. वडिलांचा राग एकीकडं आणि आईची माया दुसरीकडं. आईला आणि बहिणीला तो पत्रं लिहायचा, आणि त्यांच्याच आधारावर त्यानं दिवस काढले.

पुढं तो ग्लासगोला परतला. 1829 साली कारागिरांना विज्ञान शिकवणाऱ्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये तो शिकवायला लागला. 1830 मध्ये अँडरसन्स युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीचा प्रोफेसर झाला. वय चोविसच्या घरात. ही बातमी आली तेव्हा आई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळलेली होती. आपण ज्याच्यासाठी नवऱ्याच्या रागापुढं उभं राहिलो तो पोरगा प्रोफेसर झाला, एवढं तिला जाण्याआधी ऐकायला मिळालं.

इथून ग्रॅहमचं खरं काम सुरू होतं, आणि त्याची सुरुवात होते एका तडकलेल्या काचेच्या भांड्यापासून.

झालं असं की 1823 मध्ये डोबरायनर नावाच्या जर्मन केमिस्टला एक विचित्र गोष्ट दिसली होती. त्यानं काचेच्या भांड्यात हायड्रोजन भरून ते पाण्यावर पालथं ठेवलं होतं. भांड्याला बारीक तडा होता. थोड्या वेळानं बघतो तर भांड्यातलं पाणी वर चढलेलं. म्हणजे आतला वायू कमी झाला होता. हायड्रोजन तड्यातून बाहेर गेला हे कळत होतं. मग बाहेरची हवा त्याच वेगानं आत का आली नाही?

ग्रॅहमनं हा धागा पकडला. तडा कुठं, केवढा, याचा काही नेम नसतो. म्हणून त्यानं तड्याच्या जागी प्लास्टर ऑफ पॅरिसचं बूच वापरलं. दिसायला घट्ट, पण आत असंख्य सूक्ष्म छिद्रं. अशा बुचातून एकेक वायू सोडून त्यानं किती गेला आणि किती आला हे मोजलं. 1831 मध्ये त्यानं हिशोब मांडला. वायू पसरण्याचा वेग त्याच्या घनतेच्या वर्गमूळाच्या उलट प्रमाणात असतो. ऑक्सिजन हायड्रोजनच्या सोळापट जड, म्हणून हायड्रोजन त्याच्या चौपट वेगानं जातो. हाच तो पुस्तकातला ग्रॅहमचा नियम.

इथं लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की या प्रयोगातला पडदा म्हणजे निव्वळ छिद्रं. छिद्रातून कोण लवकर धावतो याची शर्यत. पडद्याचा स्वतःचा त्यात काही हात नाही.

या कामानं त्याचं नाव झालं. 1836 मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि 1837 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्रोफेसर. 1841 मध्ये लंडनमध्ये केमिकल सोसायटी सुरू झाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष ग्रॅहमच होता. गंमत म्हणजे माणूस बोलण्यात काही फर्डा नव्हता. लेक्चर देताना अडखळायचा. पण प्रयोग इतके चोख असायचे की विद्यार्थी त्याच्यासाठी यायचे.

1855 मध्ये आयुष्याला वेगळंच वळण लागलं. सरकारनं त्याला ब्रिटनच्या शाही टांकसाळीचा मास्टर केलं. एकेकाळी आयझॅक न्यूटन ज्या खुर्चीवर बसला होता तीच ही खुर्ची. ग्रॅहमनं प्रोफेसरकी सोडली. टांकसाळीचा कारभार, हिशोब, फायली यात पुढची काही वर्षं गेली. 1860 मध्ये ब्रिटनची तांब्याची चिल्लर जाऊन ब्राँझची नाणी आली ती त्याच्याच कारकिर्दीत.

मोठी सरकारी खुर्ची मिळाली की संशोधन संपतं, असा बऱ्याच जणांचा अनुभव. ग्रॅहमच्या बाबतीत उलटं झालं. टांकसाळीचं बस्तान बसल्यावर तो पुन्हा प्रयोगांकडं वळला आणि त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्यानं पन्नाशी उलटल्यावर केलं.

आता त्याला वायूंऐवजी पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं कोडं पडलं होतं. मीठ, साखर पाण्यात टाकली की भराभर पसरते. डिंक, सरस, अंड्याचा पांढरा बलक मात्र फार सावकाश पसरतो. असं का?

त्यानं एक साधं साधन बनवलं. गोल चौकट घ्यायची आणि तिच्यावर डफाला कातडं ताणतात तसा पार्चमेंट पेपर ताणून बांधायचा. हा म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करून घट्ट केलेला कागद. या डफात मिश्रण ओतायचं आणि तो डफ पाणी भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत ठेवायचा. बस्स.

त्यात त्यानं साखर आणि डिंकाचं एकत्र पाणी ओतलं. काही तासांनी बघितलं तर साखर कागदातून खालच्या पाण्यात उतरली होती आणि डिंक वर डफातच बसला होता. ना चुलीवर ठेवलं, ना काही मिसळलं. नुसत्या ओल्या कागदानं दोन पदार्थ वेगळे करून दाखवले.

1861 मध्ये त्यानं हे सगळं छापलं आणि या कामासाठी नवे शब्द घडवले. पडद्यातून जाणाऱ्या पदार्थांना क्रिस्टलॉइड म्हटलं. मागं राहणाऱ्यांना कोलॉइड, म्हणजे ग्रीक भाषेत सरसासारखे. आणि पडद्यानं वेगळं करण्याच्या या क्रियेला नाव दिलं डायलिसिस. आज हॉस्पिटलच्या बोर्डावर जो शब्द दिसतो तो हाच. थोड्याच वर्षांत त्यानं जेल आणि सोल हे शब्दही दिले. केसांना लावायच्या जेलपासून प्रयोगशाळेतल्या हायड्रोजेलपर्यंत सगळीकडं ग्रॅहमचाच शब्द चालतो.

याच पेपरात एक प्रयोग आहे, जो आज वाचला की अंगावर काटा येतो. ग्रॅहमनं अर्धा लिटर लघवी डफात ओतली आणि 24 तास पाण्यावर तरंगत ठेवली. तिच्यातले क्रिस्टलॉइड खालच्या पाण्यात उतरले. ते पाणी आटवल्यावर त्यातून युरिया मिळाला. किडनी निकामी झाली की रक्तात साठतो तोच युरिया. म्हणजे रक्तातून काढायचा पदार्थ पडद्यातून जातो, हे 1861 मध्येच कागदावर आलं होतं.

त्याला स्वतःला त्या घडीला जास्त उपयोग दिसला तो विषप्रयोगाच्या तपासात. दुधात, रक्तात मिसळलेलं आर्सेनिक या पडद्यातून निर्मळ पाण्यात उतरतं आणि तिथं सहज ओळखता येतं, हे त्यानं करून दाखवलं. 1862 मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ली मेडल दिलं. विज्ञानातला हा तेव्हाचा सगळ्यात मोठा मान.

इथं थांबला असता तरी चाललं असतं. पण साठीत पोचलेल्या या माणसानं एक जुनं कोडं उकरून काढलं.

फिलाडेल्फियाच्या मिचेल नावाच्या डॉक्टरनं 1831 मध्ये पाहिलं होतं की रबरी फुग्यात वायू भरले तर ते हळूहळू निसटून जातात. फुग्याला छिद्र नसतं तरी. आणि सगळ्यात लवकर पळणाऱ्यांत कार्बन डायऑक्साइड होता. आता ग्रॅहमचा नियम काय सांगतो? कार्बन डायऑक्साइड जड, म्हणजे तो मागं राहायला पाहिजे. इथं तर तोच पुढं.

1866 मध्ये ग्रॅहमनं हे नीट मोजलं. रेशमी कापडावर रबराचा थर देऊन पिशव्या केल्या. नुकताच आलेला श्प्रेंगेलचा पाऱ्याचा पंप लावून आतून हवा काढून घेतली आणि बाहेरून रबरातून काय झिरपतं ते बघितलं. नायट्रोजनचा वेग 1 धरला तर ऑक्सिजन साधारण अडीचपट, हायड्रोजन साडेपाचपट आणि कार्बन डायऑक्साइड तब्बल साडेतेरापट वेगानं आत आला. ज्या नियमानं त्याला जगभर नाव दिलं, तो रबरासमोर लागू पडत नव्हता.

दुसरा कुणी असता तर आकड्यात कुठं तरी गडबड आहे म्हणून सोडून दिलं असतं. ग्रॅहमनं आकडे मान्य केले आणि कारण शोधलं. रबरात छिद्रं नाहीतच. वायू आधी रबरात मुरतो, साखर पाण्यात विरघळावी तसा. मग आतल्या आत सरकत पलीकडं जातो आणि तिथं बाहेर पडतो. त्यामुळं हलका कोण, जड कोण एवढ्यावर शर्यत ठरत नाही. रबरात कोण जास्त मुरतो हे महत्त्वाचं. कार्बन डायऑक्साइड रबरात चांगला मुरतो, म्हणून तो पुढं.

याचा त्यानं पुरावाही दिला. साधी हवा रबरातून ओढून घेतली तर पलीकडं मिळालेल्या हवेत ऑक्सिजन 41.6 टक्के भरला. आपल्या नेहमीच्या हवेत तो 21 टक्के असतो. म्हणजे जवळपास दुप्पट. निखारा उरलेली काडी त्या हवेत धरली की पुन्हा पेटायची.

म्हणजे पडदे दोन जातीचे झाले. एक छिद्रांचा, जो चाळणीसारखा आकार बघून सोडतो. दुसरा बिनछिद्राचा, जो पदार्थाला आधी स्वतःत मुरवून घेतो आणि मग पलीकडं देतो. आज सोपं वाटतं, पण हा फरक आकड्यांसकट मांडणारा माणूस ग्रॅहम.

शेवटच्या वर्षांत तो पॅलेडियम या धातूच्या मागं लागला. हा धातू स्वतःच्या शेकडो पट आकारमानाचा हायड्रोजन पिऊन टाकतो, हे त्यानं शोधलं. टांकसाळ हाताशी होतीच. हायड्रोजन मुरवलेल्या पॅलेडियमची मेडल्सही त्यानं पाडून घेतली. सप्टेंबर 1869 मध्ये लंडनमध्ये त्याचं निधन झालं. लग्न केलेलं नव्हतं. ज्या ग्लासगोत वडिलांनी त्याचे पैसे बंद केले होते, तिथल्याच कॅथेड्रलमध्ये त्याला पुरलं. 1872 मध्ये शहराच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. त्याचा खर्च केला जेम्स यंगनं. एकेकाळी ग्रॅहमचा असिस्टंट असलेला हा यंग पुढं पॅराफिन तेलाच्या धंद्यात गबर झाला होता. ग्रॅहमनंतर टांकसाळीचं मास्टरपद पुन्हा कुठल्या शास्त्रज्ञाला मिळालं नाही, ते अर्थमंत्र्याकडं गेलं.

त्याच्या डफाचं पुढं काय झालं?

1913 मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन जेकब एबल आणि सहकाऱ्यांनी कलोडियनच्या नळ्यांतून जिवंत कुत्र्याचं रक्त फिरवून दाखवलं. रक्त गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेला अर्क वापरला होता. 1924 मध्ये जर्मनीत गेऑर्ग हासनं पहिल्यांदा माणसावर डायलिसिस केलं. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, नेदरलँड्सच्या कांपेन गावात विलेम कोल्फनं सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या घेऊन मशीन बनवलं. सोळापैकी पंधरा पेशंट गेले तरी त्यानं सोडलं नाही. 1945 मध्ये 67 वर्षांची एक बाई शुद्धीवर आली आणि जगली. सेलोफेन म्हणजे सेल्युलोज आणि ग्रॅहमचा कागदही सेल्युलोजच. 1861 चा डफ 84 वर्षांनी एका माणसाचा जीव वाचवून गेला.

आणि रबराच्या पडद्याचं काय? तो सापडतो ऑर्गन-ऑन-चिपमध्ये.

2010 च्या फुप्फुसाच्या चिपमधला पडदा पीडीएमएस नावाच्या सिलिकॉन रबराचा होता. जाडी फक्त 10 मायक्रोमीटर, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी कमी. त्याच्या एका बाजूला फुप्फुसाच्या पेशी आणि हवा, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी आणि रक्तासारखा द्रव. दोन्ही कडांनी व्हॅक्यूम ओढला की पडदा ताणला जातो आणि सोडला की मूळ जागी येतो. श्वास घेतल्यासारखा.

या एका पडद्यात ग्रॅहमच्या दोन्ही जाती एकत्र आल्या आहेत. त्याला मुद्दाम 10 मायक्रोमीटरची छिद्रं पाडलेली असतात. हवेच्या बाजूला जंतू सोडल्यावर रक्ताच्या बाजूच्या पांढऱ्या पेशी पडदा ओलांडून आल्या आणि जंतूंना खाऊन टाकलं. हा झाला चाळणीचा पडदा. शिवाय सिलिकॉन रबरातून वायू थेट मुरून जातात, तेही साध्या रबरापेक्षा कितीतरी सहज. बंद चिपमधल्या पेशींना त्यातून ऑक्सिजन मिळतो. हा झाला 1866 चा पडदा.

पण इथंच चिप बनवणाऱ्यांची डोकेदुखीही आहे. रबर वायूला मुरवून घेतं, तसंच तेलात विरघळणाऱ्या जातीची बरीच औषधंही स्वतःत मुरवून घेतं. समजा चिपमध्ये औषधाचा ठरावीक डोस सोडला आणि त्यातला मोठा वाटा रबरानंच पिऊन टाकला. पेशींपर्यंत पोचलं कमी. पेशींना काही झालं नाही म्हणून औषध सुरक्षित आहे असा रिपोर्ट आला, तर तो चुकीचा ठरेल, आणि त्याची किंमत पुढं औषध घेणारा पेशंट मोजेल.

म्हणून काही ठिकाणी पॉलिकार्बोनेट किंवा पीईटी प्लास्टिकचे छिद्रवाले पडदे वापरतात. ते औषध फारसं पीत नाहीत, पण रबरासारखे ताणले जात नाहीत आणि त्यांच्यातून वायू तेवढ्या सहज जात नाही. काही जण कोलॅजनसारख्या नैसर्गिक पदार्थाचे पडदे करून बघतात. कोलॅजन आणि कोलॉइड हे दोन्ही शब्द सरस या एकाच ग्रीक शब्दातून आलेत.

हा प्रश्न आता नुसता लॅबपुरता राहिलेला नाही. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेनं कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. 2023 मध्ये भारतानंही आपल्या नियमांत बदल करून ऑर्गन-ऑन-चिपसारख्या पद्धतींना जागा दिली. म्हणजे उद्या आपल्या मेडिकलमध्ये येणारी गोळी अशा पडद्यावर तपासलेली असू शकते. त्यातून काय गेलं, काय मागं राहिलं आणि काय पडद्यानंच गिळलं, यावर ती गोळी बाजारात येणार की नाही हे ठरू शकतं.

हे तीन प्रश्न ग्रॅहमनं साधी साधनं घेऊन विचारले होते. प्लास्टरचं बूच, कागदाचा डफ आणि रबराची पिशवी. वर्गमूळ पाठ करणाऱ्या पोरांना एवढं सांगायला हरकत नाही की ज्याचा हा नियम आहे, त्यानं तो नियम जिथं लागू पडत नाही ती जागाही स्वतःच मोजून दाखवली होती. आणि चिपवरच्या फुप्फुसाला आज श्वास मिळतो तो त्याच जागेतून.